बोंबलांच्या राखणीतल्या कादंबऱ्या

हिराबाय पुस्तकाशी भांडायची. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले, शेजारी छत्री रोवून ती कावळ्यांच्या राखणीला बसलेली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात आमच्या ग्रंथालयाची कादंबरी. मध्येच ओरडायची, "अगं बये, आईला सांग की. मनात काय ठेवतेस?" नवख्या माणसाला वाटे, कावळ्यालाच सांगतेय. तिला जाऊन वर्ष झालं, पण बोंबील वाळू लागले की माझी नजर अजून त्या छत्रीकडे जाते.

ग्रंथालयात किशोरवयीन मुलांच्या नव्या कादंबऱ्यांचं कपाट मीच हट्टाने मांडलं होतं. गावातलं एक पोर तिकडे फिरकेल तर शपथ. पहिलं गिऱ्हाईक आलं ते हिराबाय, वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी.

"सतरा वर्षांच्या पोरीचं कायतरी द्या, बाई."

"लेकीसाठी का?"

"न्हाय. मलाच."

गोष्ट अशी होती. नवरा गेल्यावर तिने होडी विकली. आमच्याकडे होडीला लेकीचं नाव देतात, तसं हिच्याही होडीवर ठसठशीत ‘सायली’ लिहिलेलं. व्यवहार हिराबायने आणि तिच्या दिराने बसून ठरवला. सायलीला विचारावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. होडी आगरदांड्याच्या एका नाखव्याने घेतली आणि सायलीने आईशी बोलणं टाकलं. वाढलं की जेवायची, हाक मारली की "हूं". "घरात आम्ही दोघी आणि आवाज नुसता भांड्यांचा," हिराबाय म्हणायची. "पुस्तकातल्या पोरी तरी बोलतात. काय बोलतात ते बघते."

ओळीखाली बोट ठेवून ती सावकाश वाचायची, पण सोडायची नाही. पुस्तकं परत यायची ती वासासकट. मी एकदा फणकारले, तर म्हणाली, "बोंबलाखाली बसून वाचते, मग अत्तराचा वास येईल?" तिचे अभिप्रायही असेच रोखठोक. "ह्यातली आई लयच शहाणी. अशी आई कुठं असते?" किंवा, "ही पोरगी सगळं मोबाईलला सांगते. घ्या परत."

एका कादंबरीतली आई मुलीच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवते. हिराबायने ते मनावर घेतलं. तिच्या घरी दार कुठलं, मधे पडदा. मग तिने पडद्याशेजारचं पत्र्याचं कपाट वाजवलं. मांजर आलं समजून सायलीने आतून चप्पल भिरकावली. "नेम चांगला हाय पोरीचा," हिराबाय कपाळ चोळत म्हणाली. "बापावर गेली." मला हसू आवरेना.

मग एका दुपारी ती राखण शेजारणीवर टाकून तडक ग्रंथालयात आली. हातात पुस्तक होतं.

"ह्या पोरीला न विचारता आईबापांनी घर बदललं. मी म्हटलं, एवढं काय रागवायचं, आईबाप काय दुश्मन हायत? तर ती आई म्हणते, तू लहान आहेस. बाई, हेच मी सायलीला बोललेली. शब्दाला शब्द." ती खुर्चीत बसली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. "ती आई शेवटी माफी मागते. आमच्यात आई लेकीची माफी मागत न्हाय. कोणी मागितलेली मी बघितली पण न्हाय."

"पुस्तकातलं पुस्तकात ठेव, हिराबाय."

"मग वाचायचं कशाला?" तिने मलाच विचारलं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी रंग लागतो, आणि नाखवा या खेपेला होडीवरचं ‘सायली’ हे नावही बदलणार होता. ते कानावर येताच हिराबाय आगरदांड्याला गेली. "रंग लावायच्या आधी एक दुपार आम्हाला होडी द्या," म्हणाली. नाखवा चक्रावला. "होडी जमिनीवर हाय. जाणार कुठं?"

"कुठं न्हाय. बसायचंय."

सायलीला तिने काही समजावलं नाही, फक्त "बाबाच्या होडीत बसायला चल," एवढंच म्हणाली. पोरगी मुकाट्याने निघाली. ताडपत्रीखाली, कोरड्या होडीत, मायलेकी समोरासमोर बसल्या.

दुसऱ्या दिवशी हिराबाय पुस्तक परत करायला आली. मला राहवेना.

"मागितलीस माफी?"

"व्हय. हात धरून मागितली."

"मग? बोलली का?"

"काळोख पडेपर्यंत बोलली. बाबाला दवाखान्यात न्यायला तू उशीर केलास, म्हणाली. होडी ठेवली असती तर मी चालवली असती, म्हणाली. काकाचं ऐकतेस, माझं कधी ऐकतेस, म्हणाली." हिराबायने पदराने तोंड पुसलं. "त्यातलं अर्धं खरं न्हाय, बाई. पण मी मधे बोलले न्हाय."