वहिनींच्या टाचणातली चुकीची उत्तरं

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर उद्याचं टाचण काही पुरं होत नाही! उद्या शिक्षणसेवक म्हणून माझा पहिला तास. टाचण म्हणजे तासाचा आराखडा. डावीकडे बाई काय विचारणार, उजवीकडे मुलांचं अपेक्षित उत्तर. डावी बाजू झाली. उजवीकडे पेन टेकवलं आणि वहिनी आठवल्या.

वहिनी बी.एड.ला माझ्या वर्गात होत्या. पस्तिशीच्या, दोन मुलींची आई. रोज इगतपुरीहून गाडीने नाशिकला यायच्या. पावसाळ्यात त्यांचा पदर पहिला तासभर पंख्याखाली वाळत असायचा. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो. एकदा सरसुद्धा चुकून म्हणाले!

त्यांची एक खोड होती. उजव्या रकान्यात आम्ही सगळे बरोबर उत्तरं लिहायचो, वहिनी चुकीची लिहायच्या. प्रश्न : झाड अन्न कुठे तयार करतं? वहिनींचं अपेक्षित उत्तर : ‘मुळात. कारण खत तिथे घालतात.’ सर लाल पेनाने लिहायचे, ‘विद्यार्थी बरोबर उत्तर देतील असे गृहीत धरावे.’ वहिनी निमूट अख्खं टाचण पुन्हा लिहून काढायच्या, पण पुटपुटत. “पोरांना सगळं येत असंल तर आपण वर्गात कशाला जायचं? हजेरी घ्यायला?”

ही उत्तरं आणायच्या कुठून? मधल्या सुट्टीतून! आम्ही जिन्यात बसून टाचण घोकायचो, तेव्हा वहिनी सराव-शाळेतल्या मुलींच्या घोळक्यात डबा खात असायच्या. “लय बोलतात गं पोरी. फक्त विचारायला पायजे.”

माझा वार्षिक पाठ त्याच शाळेतल्या सहावीवर होता. विषय नद्या. बाहेरचे परीक्षक येणार, पास-नापास सगळं त्या एका पाठावर. आठ दिवस धड जेवले नव्हते मी. आदल्या दिवशी दुपारी वहिनींनी माझी वही घेतली. ‘गोदावरी कोणत्या दिशेला वाहते?’ यासमोर मी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘पूर्वेला’. त्यांनी शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘दक्षिणेला’.

“वहिनी! परीक्षक वही बघतात ना!” मी इतकी चिडले की खोडरबराने घासून घासून कागद पातळ केला.

“बरं बाई, खोड,” त्या म्हणाल्या. “पण कुणीतरी बोलंल बघ.”

आणि बोललंच! मी प्रश्न विचारला आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी ताडकन उठली. तिचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. “दक्षिणेला, बाई!” मागे बसलेल्या परीक्षकांनी मान वर केली. हातातला खडू हलायला लागला.

“चूक! खाली बस.”

ती बसली. दुसरीने ‘पूर्वेला’ म्हटलं, मी जोरात ‘शाब्बास’ म्हटलं आणि पाठ धावत संपवला. परीक्षक म्हणाले, “वर्गनियंत्रण छान आहे.” मी उड्या मारत वहिनींकडे गेले.

“ती रामकुंडावरची पोरगी काय बोलली?”

“चुकली ती.”

“चुकली? चल.”

“अहो, तुमची गाडी?”

“दुसरी हाय.”

रामकुंडापाशी गोदावरीच्या पाण्यात कुणीतरी सोडलेला फुलांचा द्रोण चालला होता. वहिनी म्हणाल्या, “तो जातोय तिकडं तोंड करून उभी राहा. सूर्य कुठंय?”

“उजव्या हाताला.”

“मावळायला आलाय. मग तोंड कुठं झालं?”

दक्षिणेला झालं होतं, अगदी सरळ दक्षिणेला! आणि मी नाशिकमध्येच वाढलेली, सांगा आता.

“नकाशात पूर्वेला जाते, तुझं बरोबर. इथं दक्षिणेला वळते, तिचं बी बरोबर. तू वाचलंय, तिनं बघितलंय. तेवढाच फरक.”

दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गात गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, “काल हिचं उत्तर बरोबर होतं. चुकले मी.”

ती शांतपणे म्हणाली, “मला माहितीच होतं, बाई. पण तुमचा हात थरथरत होता ना, म्हणून मी खाली बसले.”

वहिनींना हे सांगितलं तर त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “हे उत्तर माझ्या टाचणात बी नव्हतं गं.”

निकालाच्या दिवशी नाशिकरोडला त्यांना गाडीत बसवून दिलं, ती शेवटची भेट. इगतपुरीचा त्यांचा फोन आता लागत नाही. आज फार लावावासा वाटला.

उद्याच्या उजव्या रकान्यात मी दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. त्या उद्या पोरंच भरतील. तुमच्या बाबतीत घडलंय का असं? तुम्ही कुणाला ‘चूक, खाली बस’ म्हणालात आणि ते पोर फक्त तुमच्यासाठी खाली बसलं?