तीन आडव्या, एक उभी

चुकलेलं इंग्रजी स्पेलिंग पाहून ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका सोनपेठेत माझ्या दुकानासमोर राहायला होता. शाळेतून रिटायर झालेले इंग्रजीचे गुरुजी. खिशात कायम खडू. एकदा देवगाव फाट्यावरच्या हॉटेलच्या पाटीवर 'रेस्टॉरंट' चुकलेलं दिसलं म्हणून ते एसटीतून उतरले आणि एसटी त्यांना सोडून गेली. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, पाटीला हात लावणाऱ्यावर पोलिसांची नजर. "गुरुजी, कुनाचं नाव बदलायलाव?" हवालदाराने हटकलं. "नाव न्हाई बाबा, अक्षर बदलायलोय," म्हणत गुरुजींचा खडू चालूच.

माझ्या दुकानाच्या बोर्डावर पेंटरने इंग्रजीत 'स्टेशनरी' लिहिताना 'ई'च्या जागी 'ए' काढला होता. रोज भर दुपारी मी फळ्या लावून आत आडवा झालो, की गुरुजी माझ्याच स्टुलावर चढून त्या 'ए'वर खडूने 'ई' काढत. उठल्यावर मी तो ओल्या फडक्याने पुसत असे. "मी मेल्यावर तरी बदलशील का रे?" त्यांनी एकदा विचारलं. मी हसलो. हसायला नको होतं.

गुरुजी गेले. ते लिंगायत, त्यांच्यात बसवून माती देतात. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, त्यांच्या मुठीत खडू ठेवला, तो मी या डोळ्यांनी पाहिला. आणि तिसऱ्या दुपारी बोर्डावर 'ई' उमटला. तोही उलटा, पलीकडच्या बाजूने कुणी काढावा तसा. पुसायचं धाडस होईना. वाऱ्याने तो आपोआप उडून जाई आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा हजर. माझी झोप गेली, जेवण गेलं. शेवटी एका दुपारी फळीच्या फटीला डोळा लावून बसलो. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गुरुजींच्या काठीची टकटक माझ्या दारापर्यंत आली आणि थांबली. स्टूल कुरकुरलं.

काकू होत्या. विभूतीत बुडवलेली तीन बोटं, कपाळावर ओढावीत तशी, त्यांनी बोर्डावर ओढली, मग उजव्या बाजूला एक उभी रेघ. मी दार उघडलं.

"म्हनले होते, माझ्यामागं तेवढं बघ," काकू म्हणाल्या. "खडू तर त्यांच्यासंगं दिला. मला कुठं लिव्हता येतंय? तीन आडव्या, एक उभी, एवढंच ध्यानात हाय."

मी स्टूल धरलं. "काकू, उद्याच पेंटर बोलावतो. कायमचं करून घेतो."

त्या सावकाश खाली उतरल्या.

"नगं बाबा. मग दुपारी मी कुठं जाऊ?"

काकूंनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. बोर्डावर 'ए' तसाच आहे. दुपारी फळ्या लावताना स्टूल मी बाहेरच राहू देतो.