दहा बंद दारांचा सडा

माझं तोंड एकदा सुटलं की मलाच आवरत नाही. त्या रविवारी तेच झालं. सिंदी मेघेच्या एका सभागृहात आमच्या गावची माणसं जमली होती. सेलूकडची आमची जुनी गल्ली ओस पडली होती. बारा घरं, त्यातल्या अकरांना कुलूप. उरल्या होत्या एकट्या काकू. त्यांच्या यवतमाळच्या मुलानं सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत गल्लीत दुसरं दार उघडलं नाई, तं तुले घेऊन जातो." आणि काकूंना काही जायचं नव्हतं.

भाषणं काय जोरात! गल्ली पुन्हा वसलीच पाहिजे! कोण जाणार, म्हटल्यावर मात्र एकाचे गुडघे, एकाचा बीपी, एकाच्या नातवाची ट्युशन. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तर नाव लिहायला पेन कोणाकडेच नाही! माझं डोकं फिरलं. "ठेवा तुमच्या चिठ्ठ्या, मी जातो!"

लगेच टाळ्या, शाल, नारळ. 'सुटलो बाप्पा' असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. मला वाटलं, माझ्यामागे चार जण तरी उठतील. एकही उठला नाही.

आम्ही तिथंच मुलाकडे राहायचो. घरी पोहोचताच बायको म्हणाली, "मले इचारलं काऊन नाई? शाल तुमच्या खांद्यावर, अन् भांडे मी घासू?"

आली बरोबर, पण बॅग काही रिकामी केली नाही. रोज त्यातून एक साडी काढायची, धुवायची, घडी करून परत आत. "मी पाहुणी हावो," म्हणायची.

पहिल्याच सकाळी मी दार उघडलं. बंद दारं ओकीबोकी दिसू नयेत म्हणून काकू रोज सगळ्या दारांसमोर सडा टाकून रांगोळी काढायच्या. त्या दिवशीही काढली होती. आमचंच अंगण तेवढं कोरडं! मी भडकलो. "काकू, आम्ही आलो ते आवडलं नाई का?"

"काऊन बा? तुमच्या घरात बाई आली. आता ते दार तिचं," काकू हसल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "इतक्या वर्षांत आज एक दार कमी झालं माह्यं."

आतून बादली वाजली. बायको ऐकत होती तर! आठ दिवसांत दोघींनी दहा बंद दारं वाटून घेतली, पाच-पाच, आणि कोणाची रांगोळी वाकडी यावर भांडायलाही लागल्या. मला फार बरं वाटलं.

दिवाळीला काकूंचा मुलगा गाडी घेऊन आला. डिकी रिकामी करून आणली होती. आमचं उघडं दार पाहून थांबला खरा, पण त्या भरल्या बॅगेचं त्याच्या कानावर गेलंच होतं. "काका, खरं सांगा, राहणार ना? नाई तं दोन महिन्यांनी हे पुन्हा एकटी."

काकू चिवड्याची ताटली धरून उभ्याच. एवढा बोलणारा मी, पण या वेळी बायकोला न विचारता बोलायचं नव्हतं. बायकोकडे पाहिलं, तर ती आत निघून गेली.

बाहेर आली ती बॅग घेऊनच. सरळ त्याच्या डिकीत टाकली.

"रस्त्यात सिंदी मेघे लागते ना? माह्या पोराच्या घरी हे रिकामी बॅग देजो. इथं उगाच जागा अडवून राह्यली."