दूध घालायला आलेली बाई

तालुक्याच्या दवाखान्यात मी आया होते. दर बुधवारी जिल्ह्याहून डॉक्टरीणबाई यायच्या आणि जिला मूल नको असेल तिची पिशवी साफ करून द्यायच्या. कायद्यानं त्याला परवानगी होती. पण कायदा कागदावर आणि गुरुजी पारावर! हे गुरुजी म्हणजे फाटकासमोरच्या लिंबाखाली बसणारे निवृत्त मास्तर. भोवती पाचसहा रिकामटेकडे. बाई फाटकाशी आली की यांची उलटतपासणी सुरू. "कुठली गं तू? कुणाच्या घरची? पोटातल्या लेकराचा जीव घ्यायला आलीस व्हय?" सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज, आणि वर त्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर तिच्या गावी निरोप. शिव्या सोसणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. त्या निरोपाला मात्र सगळ्या भ्यायच्या. पोलिसात सांगून पाहिलं, तर आलेला जमादार पारावरच चहा पीत बसला.

दवाखान्याला लागून सोसायटीची दूध डेअरी होती. मधल्या भिंतीत माणूस जाईल एवढं खिंडार. मी तीन जुन्या किटल्या मिळवल्या. आधी दुसऱ्या वारी चौकशीला आलेल्या बाईच्या हातात एक द्यायची आणि सांगायचं, बुधवारी डेअरीच्या रांगेत उभी राहा, मी खुणावलं की खिंडारातून आत ये. दूध घालायला आलेल्या बाईला कोण अडवणार? वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. माझ्या डोक्याचं मला फार कौतुक वाटायचं.

मग दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात आडबाजूच्या एका खेड्यातली विधवा आली. रोजगार हमीवर खडी फोडायची. दोन लेकरं, दिराच्या घरी राहणं. मुकादमानं काय केलं ते तिनं मान खाली घालून सांगितलं. "आक्का, दिराला कळलं तर मला हाकलंल, अन् लेकरं ठिऊन घिईल," म्हणाली. येत्या रविवारी बारा आठवडे भरणार होते. त्यापुढं दोन डॉक्टरांचं मत लागायचं, आणि आमच्याकडं एक यायचीच मारामार. म्हणजे तिच्या हातात एकच बुधवार होता. मी तिला किटली दिली.

बुधवारी ती रांगेत उभी राहिली. तिच्यापुढं माझ्याच आणखी दोघी होत्या. गुरुजी पारावरून उतरले, सहज विचारल्यासारखं त्यांनी गाव विचारलं, आणि तिनं खरं गाव सांगितलं.

"तुमच्या गावातली जनावरं तर महिन्यामागंच छावणीला गेल्यात. मग ह्ये दूध कुणाचं गं?"

त्यांनीच झाकण काढलं. किटली कोरडी ठणठणीत. पारावरचे खदाखदा हसले.

ज्याच्या दावणीला एखादी शेळी जरी असेल त्याला हे आधीच सुचलं असतं. आमच्या घरात तीन पिढ्या जनावर नव्हतं. दुसऱ्यांची मेलेली ओढली, ते सोडलं, मग मी नोकरीला लागले. कुठल्या गावातली गुरं छावणीला गेली, हे माझ्या कानावर येऊनही डोक्यात शिरलं नव्हतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी डेअरीच्या दारात, दहाबारा पावलांवर. पुढं झाले असते तर बाकीच्या दोघी उघड्या पडल्या असत्या, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मी भ्यालेही होते, माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी नजर वळवली. तिनं किटली तिथंच टाकली आणि पदर ओढून ती एसटी स्टँडकडं चालू लागली.

त्या दोघींचं काम त्या दिवशी नीट झालं.

निरोप घरी पोचायच्या आत मोकळं व्हायचं म्हणून तिनं त्याच दुपारी एका बाईकडून काडी घालून घेतली. शनिवारी दिरानंच तिला बाजेवर घालून आणलं. चौघे उचलून आणत होते. अंग तापानं फणफणलेलं, लुगडं भिजलेलं. तेव्हा मात्र पार उठून उभा राहिला. गुरुजींनी स्वतः फाटक उघडून धरलं. "अरे, बाजूला व्हा, वाट द्या बिचारीला," म्हणाले. एवढा राग मला पुढं कधी कुणाचा आला नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पुढच्या बुधवारी मी किटल्या काढल्याच नाहीत. दवाखान्याचं पांढरं पातळ नेसून सरळ स्टँडवर गेले. दवाखान्यासाठी उतरलेल्या बाईचा हात धरला आणि भर रस्त्यानं, पारासमोरून तिला चालवत आणलं. गुरुजींनी गाव विचारलं. मी माझं सांगितलं. त्यांनी माझी जात काढली, आई काढली. "वाट सोडा," मी म्हणाले, आणि थांबले नाही. हात लावायची कुणाची छाती झाली नाही. नोकरीही गेली नाही. पुढं कितीतरी वर्षं मी अशीच बायांना आणत राहिले.

डेअरीच्या दारापासून तिच्यापर्यंत दहाबारा पावलंच होती.