चार नंबरची बाटली

सकाळपासून तिसऱ्यांदा बसतेय लिहायला. एकदा उठून गॅस बघितला, तो बंदच होता. एकदा दाराला कडी लावून आले, मग वाटलं कडी कशाला, परत काढली. घरात कोणी नाही. तसं माझं तोंड दिवसभर चालू असतं, गल्लीत सगळे म्हणतात, आजी बसल्या की तासाभराची निश्चिंती. पण एवढ्या बोलण्यात ही एक गोष्ट कधी आली नाही. लेकीला ठाऊक नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले तरी मी तिला वळसा घालूनच गेले.

तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

आधी माझं शिक्षण सांगायला पाहिजे, त्याशिवाय कळायचं नाही. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी तिसरीत होते, उर्दू शाळेत. अलिफ-बे चांगलं घोटून झालेलं. एका लांबलेल्या सुट्टीनंतर गेलो तर शाळा मराठी झाली होती. वडील म्हणाले, ‘आता पुन्हा पहिल्यापासून कुठं सुरू करतीस? बस घरी.’ बसले. मराठी मी पुढं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून शिकले, खरंच सांगते – गूळ डब्यात टाकायचा अन्‌ कागद वाचायचा. इंग्रजीचा मात्र कागद हाती आला नाही.

माझे मालक औरंगाबादेतच एका कॉलेजात होते, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट. काचेची भांडी धुवायची, बाटल्या भरून ठेवायच्या, पोरं-पोरी प्रयोग करतील त्याची मांडामांड करायची. ते अचानक गेले, अन्‌ त्यांच्या जागी मला घेतलं. तात्पुरतं. सरांनी – विभागाचे मोठे सर, भला माणूस – एकच विचारलं, ‘बाई, इंग्रजी नावं वाचता येतात ना? बाटल्यांवर सगळं इंग्रजीच असतं.’

मी म्हणाले, ‘येतात.’

हाच का कबुलीजबाब? नाही हो. एवढं खोटं पोटासाठी कोणीही बोललं असतं – बघा, आली ना लगेच सबब तोंडावर? सबबी सांगायच्या नाहीत असं ठरवून बसलेय आज.

मग मी काम कसं केलं? जागेवरून. कपाटात दुसऱ्या फळीवर डावीकडून तिसरी बाटली म्हणजे बेंझोइक अ‍ॅसिड. चौथी म्हणजे अ‍ॅसिटॅनिलाइड. नावं ऐकून ऐकून पाठ, बाटल्या जागेवरून पाठ. स्वयंपाकघरात अंधारात हात घातला तरी हळदीचा डबा सापडतो ना, तसं. आठ वर्षं एक चूक नाही झाली. सर पाहुण्यांना सांगायचे, ‘आमच्या बाईंना अख्खं कपाट तोंडपाठ आहे.’ त्यांना वाटे, आपण कौतुक करतोय. मी भांडी उचलून मोरीकडं वळायची.

आणि धुता-पुसता मी ते कामही शिकले. सर नव्या पोरींना शिकवायचे, मी मोरीपाशी उभी राहून ऐकायची. मळकी पावडर उकळत्या पाण्यात विरघळवायची, गरम आहे तोवर गाळायची, मग हलवायचं नाही – आपोआप निवू द्यायचं. घाई केली की नुसता चुरा पडतो. धीर धरला की स्फटिक येतात. नाहीच आले तर काचेच्या कांडीनं भांड्याला आतून जरासं खरवडायचं, कुठून कसे उमलतात कळतसुद्धा नाही. मग ते वाळवून केसासारख्या बारीक नळीत भरायचे, नळी दोऱ्यानं थर्मामीटरला बांधायची, तेलात सोडायची आणि दिवा मंद ठेवून बघत बसायचं – कोणत्या आकड्याला पांढऱ्याचं पाणी होतं? प्रत्येक पदार्थाचा आकडा ठरलेला. बेंझोइकचा एकशे बावीस. अ‍ॅसिटॅनिलाइडचा एकशे चौदा. दिसायला दोन्ही पांढऱ्या, आपल्या मैद्यासारख्या.

पण मला आकडा लागायचा नाही. बेंझोइक तापलं की त्याची वाफ घशात खाजते. ज्या रांगेत ते उकळायचं ती रांग खोकायची. पोरी हसायच्या, ‘मावशी, आज आमच्या ओळीत सर्दीची साथ!’

त्या पोरींत सुभद्रा होती.

लासूर स्टेशनहून रेल्वेनं यायची. धनगराघरची. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ. वस्तीवरून कॉलेजात आलेली पहिलीच. चुलत्याचा पहिल्यापासून विरोध, त्यानं घरात अटच घातली होती – एकदा जरी नापास झाली तर पुस्तकं बंद, पोरगी द्यायची. हे तिनंच मला सांगितलं, भांडी पुसायला मदत करता करता, हसत हसत. ‘मावशी, म्या एकदा बी पडले ना, तर डायरेक्ट मांडवात.’

पहिल्या दिवशी तिनं नळी अशी दाबून धरली की ती फुटून बोटात गेली. सर नव्हते. मी तिचं बोट धुतलं आणि कोणाला न सांगता नळी कशी धरायची ते दाखवलं. पुढं दर आठवड्याला दाखवत गेले. बाकीच्या पोरी आकडा पुस्तकातून उतरवायच्या, थर्मामीटरकडं ढुंकून न बघता. मी हिला म्हटलं होतं, ‘तू तसं करू नको. जे दिसलं तेच लिही. दिसलं त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.’

मी म्हटलं होतं. माझेच शब्द आहेत हे.

आता परीक्षा. थांबा, पाणी पिऊन येते.

वार्षिक प्रॅक्टिकलच्या आधी लॅबला चुना मारायचं काम काढलं. कपाटं रिकामी केली. गवंड्याच्या माणसांनी बाटल्या परत लावल्या, त्यांच्या मनानं. मी बघितलं तेव्हा फळ्या भरलेल्या होत्या, बाटल्या ओळीत होत्या, सगळं जिथल्या तिथं दिसत होतं. मला शंकासुद्धा आली नाही – का आली नाही? कोणाकडून तरी एकदा वाचून घेता आलं नसतं? आलं असतं. पण मग वाचता येत नाही हे कळलं असतं.

सरांनी यादी वाचून दाखवली. चार नंबरला बेंझोइक. मी दुसऱ्या फळीवरची तिसरी बाटली काढली, छोट्या बाटलीत भरली, चारची चिठ्ठी डकवली. दुसऱ्या पावडरीचं नाव त्या दिवशीच्या यादीत नव्हतं, त्यामुळं घोळ झाला तो एका बाटलीपुरताच.

चार नंबर सुभद्रेला आला.

मी गरम पाण्याची किटली घेऊन रांगांतून फिरत होते. तिचं भांडं उकळत होतं, वाफ सरळ माझ्या तोंडावर आली – आणि मी खोकले नाही. तशीच उभी राहिले. मुद्दाम श्वास ओढला. काही नाही. रांगेत कोणीच खोकत नव्हतं. थोड्या वेळानं स्फटिक आले तेही सुयांसारखे नाहीत, माशाच्या खवल्यासारखे चपटे, चमकणारे. मला तिथंच कळलं. आकड्याच्या तासभर आधी कळलं.

त्याच वेळी सरांच्या कानात सांगितलं असतं तर दुसरी बाटली मिळाली असती तिला. वेळ होता. मी किटली भरायला गेले.

तिनं आकडा तीनदा काढला. तिन्ही वेळा नळी नवी भरली, तेल निवू दिलं, शिकवलं होतं अगदी तसं. तीनदा एकशे चौदा. तेच लिहिलं, नावही तेच लिहिलं – अ‍ॅसिटॅनिलाइड. परगावचे परीक्षक होते, त्यांनी यादी बघितली, वही बघितली. ‘हे कुठून उतरवलंत?’

‘उतरवलं नाय, सर. तीनदा बघितलं.’

आमचे सर मध्ये पडले. म्हणाले, मुलगी काळजीपूर्वक काम करते, एकदा बाटली तपासून बघू. बाटल्या मी गोळा करून आतल्या खोलीत नेल्या होत्या. मला म्हणाले, ‘बाई, चार नंबर आणा.’

आतल्या खोलीत मी एकटी. इथपर्यंतचं सगळं चूक म्हणून सांगता आलं असतं. इथून पुढचं नाही.

मी कपाटातल्या तिसऱ्या-चौथ्या दोन्ही बाटल्या काढल्या. चिमूट-चिमूट चमच्यावर घेऊन दिव्यावर धरली. एकीनं खोकला आला. सुभद्रेची बाटली मोरीत ओतली, पुसली, खोकल्याची पावडर तिच्यात भरली. आठ वर्षांत शिकलेलं सगळं त्या पाच मिनिटांत वापरलं मी – आणि चार नंबर नेऊन त्यांच्या हातात दिला.

परीक्षकांनी चिमूटभर नळीत घेऊन तापवली. ते खोकले. सर खोकले. सुभद्राही खोकली. आणि खोकता खोकताच तिला कळलं ते काय आहे ते. तिनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही हो. मदत मागावी तसं.

सर म्हणाले, ‘बाई, बाटली तुम्हीच भरली होती ना? काल?’

‘व्हय सर. म्याच भरली. बेंझोइकच हाय.’

घाबरले की माझी बोली आपोआप गावाकडची होते. सरांना ते ठाऊक नव्हतं.

परीक्षकांनी तिच्या वहीवर लाल रेघ मारली. पुस्तकातलं उतरवलं असा शेरा दिला. ती नापास झाली. पावसाळ्याच्या आत लग्न ठरलं, पैठणकडं कुठंतरी.

जायच्या आधी ती माझ्या घरी आली, हर्सूलला. काखेत घोंगडी. तिच्या बापानं स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची विणून घेतलेली, काळी, काठाला पांढरी रेघ. म्हणाली, ‘बा म्हणला, त्या बाईनं शिकवलं तुला, रिकाम्या हातानं जाऊ नको.’ मी चहा केला. ती चुलीपाशीच बसली. चहा संपवला. मग म्हणाली, ‘मावशी, तुमी लई जीव लावून शिकवलं. माज्याच नजरंत खोट हाय वाटतं. तीनदा बघितलं – आन्‌ तीनदा चुकीचंच दिसलं मला. असं व्हतंय का कुणाला?’

घरात दोघीच होतो. सर नव्हते, परीक्षक नव्हते. खरं सांगून तिचा निकाल बदलला असता की नाही, ठाऊक नाही. पण ती जे बरोबर घेऊन चालली होती ते तरी बदललं असतं. तेवढंच करायचं होतं. एक वाक्य.

मी म्हणाले, ‘व्हतं बाई कधीकधी.’

तिनं मान हलवली. कप धुऊन पालथा ठेवला आणि एस.टी. गाठायला निघाली.

पुढं नोकरी पक्की झाली. इंग्रजी शिकले – रोज एक बाटली, एक नाव. सगळ्यात आधी तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीवरचं. वीसेक वर्षं मी नव्या पोरींना नळी भरायला शिकवत राहिले. पण ‘दिसलं तेच लिही’ हे वाक्य पुन्हा माझ्या तोंडून निघालं नाही. तिचा पत्ता काढणं अवघड नव्हतं. लासूरची पोरं कॉलेजात येत होती, विचारलं असतं तर एका दिवसात कळला असता. विचारला नाही.

घोंगडी अजून आहे. टोचते. थंडीत मी तीच पांघरते.

सुभद्रेची नजर स्वच्छ होती. पावडर अ‍ॅसिटॅनिलाइडच होती. आकडा एकशे चौदा, तिन्ही वेळा बरोबर.