कोरम सरांची मोजणी

कोरम सर कुठेही गेले की आधी माणसे मोजत. टोपण लावलेल्या पेनाने हवेत टिंबे देत, ओठ न हलवता. लग्नाच्या पंगतीत मोजत, दशक्रियेला मोजत. थोरल्या भावाला स्मशानात पोचवायला गेले तेव्हाही त्यांचे पेन खिशाबाहेर आलेले मी पाहिले. सभा वैध ठरायला लागणारी किमान माणसे जमली की त्यांच्या लेखी जगात आणखी कोणाची गरज उरत नसे. त्यांचे खरे नाव सांगत नाही. निगडी प्राधिकरणातल्या त्यांच्या गल्लीतही ते फारसे कोणी वापरत नव्हते.

आकुर्डीच्या एका कारखान्यातून कामगार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर सरांनी ‘सुशासन’ हाती घेतले. चाकणच्या कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणाऱ्या एका न्यासाच्या वतीने ते डोंगरपट्ट्यातल्या ठाकर आणि कातकरी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना कारभार शिकवीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचे, रानाचे आणि भांडणांचे निवाडे कागदाच्या कपट्याशिवाय केले, त्यांना वातानुकूलित सभागृहात बसवून सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे पाठ करून घ्यायचे, असे ते कार्य होते. बायका गारठून पदर अंगाभोवती घट्ट ओढत. सर म्हणत, “थंडीत डोके चालते.” त्यांचे चाललेले मी कधी पाहिले नाही.

सरावासाठी त्यांचा एकच विषय ठरलेला असे : संस्थेच्या कार्यालयाच्या भिंतींना कोणता रंग द्यावा. एकदा ठाकरवाडीचे धोंडूबाबा संकोचून उभे राहिले.

“सर, आमच्या हापिसाला भिंतच न्हाई. कूड हाय.”

“मग कुडाला कोणता रंग?”

“शेणानं सारवतो की आमी.”

“हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही. बसा.”

धोंडूबाबा बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “भित नसंल तर न्हाई, पन रंग पायजेच म्हंतोय गडी!” सगळे हसले. सरांनी फळ्यावर लिहिले : पिवळा, बहुमताने.

“भावना घरी, ठराव इथे,” हे त्यांचे आवडते वाक्य. साठीच्या बाईलाही ते “काय गं” म्हणत आणि कंपनीच्या पंचविशीतल्या अधिकाऱ्याला “सर” म्हणताना खुर्चीतून अर्धे उठत. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा डबा वेगळ्या खोलीत उघडे. पोट नाजूक आहे, असे कारण ते देत.

हे सारे मी पाहिले, कारण मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होतो. ती खुर्ची मला त्यांनीच दिली होती. एकोणपन्नासाव्या वर्षी माझा प्रशिक्षण विभाग कंपनीने बंद केला, तेव्हा चार महिने मी सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत असे आणि निगडीच्या बसथांब्यावर बसून राहत असे. सरांनी मला तिथे ओळखले, घरी नेले, चांगल्या कपात चहा दिला आणि म्हणाले, “आजपासून तुम्ही सहप्रशिक्षक. पगाराचे विचारून सांगतो, मान मात्र आजपासून.” त्या दिवसाची माया माझ्या मनातून अजून गेलेली नाही. पुढे मी जे केले, ते मायेपोटी केले असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते भयापोटी केले.

ठाकरवाडीच्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या कोंडाबाई. वाडीतल्या बायका कंपनीच्या गाडीने चाकणला कँटीनच्या आणि पॅकिंगच्या कामाला जात. त्यांच्या पोरांसाठी कोंडाबाईंनी स्वतःच्या ओसरीत पाळणाघर सुरू केले होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या पंगतीला बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. “आमच्यात कुनी भांडत न्हाई सभेत. पटलं न्हाई की उठायचं, भायेर पाठ करून बसायचं. मग आतल्यानं जाऊन इचारायचं, काय म्हननं हाय तुजं? त्यो आत येस्तवर कुनी तोंड उघडत न्हाई.” मी मान डोलावली. कळल्याची मान होती ती.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी वाडीवर प्रत्यक्ष सभा घ्यायची होती. न्यासाला विखुरलेली पाळणाघरे बंद करून चाकणला एकच आदर्श केंद्र हवे होते, आणि सरांनी तो ठराव आणण्याचा शब्द आधीच दिला होता. कोंडाबाई म्हणाल्या, “कंपनीच्या गाडीत पोरं घेत न्हाईत. तिथवर न्यायची कशी?” सर म्हणाले, “हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे. आधी ठराव.”

कोंडाबाई उठल्या. त्यांच्यामागे चौघी उठल्या. पाचही जणी बाहेर करंजाखाली आमच्याकडे पाठ करून बसल्या.

सरांचे पेन हवेत फिरले. “अकरापैकी सहा. कोरम आहे. ठरावाला कोणाचा विरोध?” सहाही जण दाराकडे बघत गप्प राहिले. “नाही. मंजूर. लिहा.”

मी लिहिले. ‘ठराव एकमताने मंजूर.’ माझे अक्षर चांगले आहे.

वह्या आवरताना धोंडूबाबा माझ्याजवळ आले. “आता बोलवा की त्यांना, राव. म्हंजी सभा सुरू करता येईल.”

त्यांच्या लेखी अजून काहीच ठरले नव्हते. सभा संपली, हे मला त्यांना सांगावे लागले. करंजाकडे न बघता मी गाडीत बसलो.

महिन्याभरात न्यासाकडून वाडीच्या पाळणाघरासाठी येणारा शिधा आणि मदतनीस बाईचे मानधन थांबले. कोणी काम सोडले. एक आई लेकराच्या पायाला लुगड्याचे टोक बांधी आणि दुसरे टोक खाटेला बांधून गाडी पकडी. सरांच्या अहवालात ठाकरवाडी हे यशस्वी उदाहरण ठरले. खाली सहप्रशिक्षक म्हणून माझी सही आहे. सरांविषयी लिहिताना माझ्या शब्दांत तुच्छता उतरते आहे, ते मला कळते. पण त्यांना ती रीत ठाऊक नव्हती. मला होती.

यंदा सर गेले. आकुर्डीच्या सभागृहात शोकसभा झाली. लाभार्थी प्रतिनिधी म्हणून कोंडाबाईंना गाडी पाठवून आणवले होते आणि पुढच्या रांगेत शाल देऊन बसवले होते. शोकठराव मी वाचायचा होता. ‘आदिवासी बांधवांना ज्यांनी कारभाराची दृष्टी दिली’, इथवर वाचले आणि पुढचे वाचवेना. कागद मेजावर ठेवला, बाहेर आलो आणि सभागृहाकडे पाठ करून पायरीवर बसलो.

आत क्षणभर कुजबुज झाली. मग दुसऱ्या कोणीतरी कागद उचलला. माझे वाक्य माझ्यावाचून पुढे वाचले जाऊ लागले.

काही वेळाने मागे चपला वाजल्या. कोंडाबाई आल्या. शाल त्यांनी आतच ठेवली होती. गुडघ्यावर हात टेकत त्या माझ्या शेजारी बसल्या.

“काय म्हननं हाय तुमचं, सायेब?” त्यांनी विचारले.