ठकीचा दमा

माझी मावशी जुने सोफे उसवून नवे करून देते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक सोफा फाडला की दुधावर साय धरावी तशी सगळीकडे धूळ बसते. मावशी वर्षानुवर्षं खोकतेय. दाखवून ये, दुकान घराबाहेर हलव, निदान तोंडाला फडकं बांध, असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

तिची मांजर ठकीही त्याच सोफ्यांवर लोळायची. हल्ली ती मान लांब करून खोकायची, पण बाहेर काही पडायचं नाही. "केसांचा गोळा अडकलाय," मावशीने निदान करून टाकलं.

रविवारी दुपारी ठकी तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली. हिरड्या निळ्या पडल्या. जवळचा दवाखाना नेमका बंद! टॅक्सी करून गावाच्या दुसऱ्या टोकाला प्राण्यांचं मोठं इस्पितळ गाठलं. ठकीला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं आणि काउंटरवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "डिपॉझिट भरलं की एक्स-रे काढू."

आकडा ऐकून माझे डोळे पांढरे झाले. रविवारचा आकार वेगळा, तातडीचा वेगळा, पेटीचं भाडं तासावर. मी भांडायला तोंड उघडलं, तोवर मावशीने कार्ड पुढे केलं होतं. दोऱ्याच्या रिळासाठी दुकानदाराचं डोकं खाणारी ही बाई! नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे तिने हूं की चूं न करता भरले.

"गोळाबिळा नाही, दमा आहे," डॉक्टर एक्स-रे बघत म्हणाले. "घरात धूळ असते का?"

मावशीचा चेहरा उतरला. "असते हो. माझ्या कामाचीच," म्हणता म्हणता तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हिला रोज मास्क लावून औषधाचा पंप द्यावा लागेल, माणसांचाच असतो. पण तुम्ही स्वतःला कुणाला दाखवलंय का?"

"मला काय धाड भरलीय? तो मास्क तिच्या तोंडावर कसा धरायचा, ते सांगा."

परतताना मी तिला टॅक्सीतच फैलावर घेतलं. "उद्याच्या उद्या तुझी छाती दाखवायची. पैसे मी देते."

"ते ठेव तुझ्याकडे. ठकीच्या पंपाला लागतील."

असा संताप आला म्हणून सांगू! आणि मांडीवरची ठकी मात्र शांतपणे श्वास घेत होती, तिच्यावर तरी कशी चिडणार?

त्याच आठवड्यात मावशीने दुकान घरातून हलवलं. मी इतकी वर्षं हेच तर सांगत होते. पण हलवलं कुठे, तर मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिला खिडकीसुद्धा नाही. धूळ घरात यायला नको म्हणून दार आतून घट्ट लावून ती काम करते.

काल ठकीला पंप द्यायला मी गेले होते. पुढची खोली लख्ख होती. ठकीच्या तोंडावर मास्क धरला, इतक्यात मागच्या दाराआडून मावशीचा खोकला सुरू झाला. ठकीने मान वळवली आणि मास्कमधून तोंड काढून घेतलं.